उद्यापासून बंद

न्हाई वो सर, रविवारची एसटीच न्हाई हिकडं. काय बघताय सारखं रस्त्याकडं, मान आखडंल. बसा की. त्या कोपऱ्याला नका, तिथली फळी हलती, हिकडं सरका — आं, असं. श्रीरामपूरची गाडी सोमवार ते शनिवार. रविवारी ड्रायव्हरला बी कुनाच्या तरी भेटीला जायचं असतंय ना. हसले! हसले बघा. मला वाटलं तुमच्या तोंडाला ती सोयच न्हाई. सर हाय हे कसं वळखलं? खिशाला दोन पेन, त्यातलं एक लाल. लाल पेन घेऊन रविवारी कोन फिरतं? आनि मास्तरांचा वास मला लांबून येतो, दहा वर्षं त्यास्नीच तरास दिलाय मी. आता माझं नाव अकरावीला हाय कॉलेजात. मी न्हाई तिथं, नाव हाय. स्नेहल. बेलापूरची.

तुमच्या मिसेस आत व्यसनमुक्तीच्या हापिसात फॉर्म भरतेत ना, जांभळी पर्सवाल्या? जाताना माझ्याकडं बघून गेल्या. बोलल्या काय न्हाईत, नुसतं बघितलं, पन तसं बघनं कळतं मला — पोरी, मानूस जरा धरून ठिव. मनून म्हनते बसा. आता तुमचं काय हाय ते सांगू नका, मीच वळखते. दर रविवारी माझी गहिनीनाथ मामासंगं पैज असती, ते बघा गेटवरचे, मिशीवाले — एक प्लेट भजी. दारूवाला कसा, उतरला गाडीतून की आधी भिंत धरतो. तंबाखूवाला बसला की डावा तळहात बघतो, हातात काय नसलं तरी वर आंगठा चोळतो. मागं खोकल्याचं औषध पिनारा एक पोरगा आल्ता, माझ्यापेक्षा बारीक, बाटलीच्या बाटली लावायचा, आनि खोकला तर न्हाईच त्याला. तो मातर मला वळखता न्हाई आला, भजी गेली माझी. पन तुमी सोपे हाय सर. तुमचा आंगठा बघा. न्हाई, उजवा. मांडीवर काय चाललंय त्याचं? वर ढकल, खाली ढकल, टिचकी. मोबाईल काढून घेतलाय मिसेसनी, तरी आंगठा खेळतोय. पत्ते ना? मोबाईलवरचे? — जिंकले! मामा, ओ गहिनीनाथ मामा, भजी लागू — बसा बसा, न्हाई ओरडत. कोनाला न्हाई सांगत. इथं तसं बी सगळ्यास्नी सगळ्यांचं ठाऊक असतंय.

काय म्हनले? टाइमपास? टाइमपास मनून खेळत हुते, व्यसन न्हाई, मिसेसचा गैरसमज झालाय? बरोबर. हे सगळेच गैरसमजातून आल्यात इथं. पन्नास मानसं आत, पन्नास गैरसमज. तुमचं जाऊ द्या, आमच्या छबू आत्याचं घ्या. पप्पांची थोरली बहीन. सकाळी उठली की पयली मिश्री. तव्यावर तंबाखू भाजती, आख्खी गल्ली शिंकती, मग ती काळी पूड बोटावर घेऊन दात घाशीत वट्ट्यावर बसती — तासभर! एवढ्या वेळात हत्तीचे दात निघतील घासून. आनि तोंडात ती मिश्री घेऊनच, थुंकत थुंकत, पप्पांना शिव्या — बेवड्या, तुला लाज न्हाई, बापाचं नाव घालवलं. एकदा मी काय केलं, तिच्या डबीत चहापत्ती कुटून भरली. घासतीय, घासतीय, काय गुन येईना. दुपारपर्यंत भांडी आपटली, मांजराला हानलं, सुनंला रडवलं, डोकं बांधून झोपली. मी सांगितलं आत्ये, चहा हुता, तर लाटनं फेकलं माझ्यावर. मी ते सुकन्या म्याडमला सांगितलं, इथल्या काउन्सिलर म्याडम, तर त्या आदी हसल्या आनि मग म्हनल्या, स्नेहल, हेच ते. वस्तू न्हाई मिळाली की मानूस मानूस राहत न्हाई, त्याला व्यसन म्हनायचं, मग ती बाटलीत असू, डबीत असू न्हाई तर मोबाईलमदी असू. आत्या अजून म्हनती मिश्री औषदी हाय. दाताला. तिला दात पाचच हायत.

भ्यायचं काय न्हाई आत. मारत न्हाईत, बांधत न्हाईत. मला बी पयल्यांदा तसंच वाटलं हुतं, साखळदंड-बिखळदंड असतील, व्हिडिओ काढावा. तसलं कायच न्हाई, जेवायला शेपूची भाजी असती एवढीच काय ती मारहान. दारूवाल्याला पयले चार-पाच दिवस वरच्या खोलीत ठिवतेत, डॉक्टर येऊन बघतेत. हात असे — असे — थरथरतेत, कप धरला की चहा बशीत न्हाई, शेजाऱ्याच्या मांडीवर. घाम, झोप न्हाई. एकाला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, रात्रभर झाडायचा. मनून गोळ्या, सलाईन, हळूहळू उतरवतेत. आमच्या गल्लीत एकाला त्याच्या भावांनीच खोलीत कोंडलं हुतं दारू सुटावी मनून, तिसऱ्या दिवशी फिट आली, जीभ चावली, दवाखान्यात न्यावा लागला. म्याडम म्हनतेत, लई वर्षांची दारू घरच्या घरी एका झटक्यात तोडायची न्हाई, जीव जातो. मला वाटायचं दारू सोडायला नुसती लाज पायजे. न्हाई वो, डॉक्टर बी पायजे.

तंबाखूला च्युइंगम देतेत, थोडं चावायचं आन गालात दाबून ठिवायचं. एकानं आख्खी पट्टी एकदम खाल्ली, लवकर सुटंल मनून. दोन दिवस उचक्या. तुमच्या पत्त्याला मातर गोळी न्हाई सर, मी विचारलंय. म्हंजी झोपच येईना, मन लईच खाली गेलं तर देतेत डॉक्टर कायतरी, पन पत्त्याची अशी गोळी न्हाई. बोलायचं. कधी खेळावं वाटतं, कोन काय बोललं की वाटतं, रिकामं असल्यावर का भांडन झाल्यावर, सगळं वहीत लिव्हायचं. लाल पेन आनलंच हाय तुमी. मोबाईल आनि बँकेचं मिसेसकडं. आनि रोज मीटिंग. गोलात बसायचं, उठून नाव सांगायचं आनि खरं बोलायचं. मास्तरांना अवघड जाईल जरा, तुमाला बसून ऐकायची सवय नसती ना. तिथं एक गोष्ट लई भारी हाय बघा — सोडली असं म्हनायचंच न्हाई. कायमची सोडली, देवाशपथ सोडली, कायच न्हाई. म्हनायचं, आज न्हाई घेतली. बास. आजच्या दिवसापुरतं. कारन भाईर सगळ्यांचं एकच — उद्यापासून बंद. पप्पा तर लई वेळा म्हनले. उद्यापासून बंद. आमी घरात चिडवायचो, आई म्हनायची पानी भर, मी म्हनायची उद्यापासून. दत्ताच्या देवळात शपथ बी घेतली हुती एकदा, नारळ फोडून, पन सव्वा महिन्याची! देवाला तारीख दिली. सव्वा महिना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला देवळाच्या मागंच. देवाची बी फसवनूक न्हाई म्हनायचे, तारीख पाळली ना.

पप्पा म्हंजी आबासाहेब मंडपवाले. लग्नाचा मंडप, खुर्च्या, झालरी, सगळं आमच्याकडं. आता मला सांगा, ज्याच्या धंद्यात रोज कुनाचं तरी लग्न, तो कसा सुटनार? मंडप बांधला की घ्या आबासाहेब थोडी. सोडला की घ्या. पाऊस आला न्हाई मनून घ्या, आला मनून घ्या. मग आईनं काय केलं, काष्टीच्या बाजारात एकाकडून पुडी आनली, दारू सुटायची, गुपचूप जेवनात घालायची. असलं लई चालतं आमच्याकडं, बायका बायकांना नंबर देतेत. घातली वांग्याच्या भाजीत. आनि पप्पा त्या दिवशी जेवायलाच न्हाई आले. आले कोन? छबू आत्याचे मालक, वाल्मिक मामा. वाढ म्हनले. आई नको नको म्हनती, तोंडानं कारन तर सांगता येईना — शिळी हाय, खारट हाय — तेवढी त्यांनी जास्तच खाल्ली. दोन वाट्या. आनि मामा कधीतरीच घेनारे, सनासुदीला, नेमकी त्याच दिवशी मित्राच्या टेम्पोची पूजा. एक पेग. तोंड लाल — टमाटं बरं, असं लाल — उलट्या, छाती धडाधड, उचलून दवाखान्यात. लई हसले हुते मी तवा. सलाईन लावलेल्या मामाचा फोटो बी काढला. इथं म्याडमला सांगितलं तर त्या न्हाई हसल्या. म्हनल्या असल्या पुडीत काय असतं ठाऊक न्हाई, मेला असता मानूस. तसलं औषद असतं खरं, वर दारू पडली की असंच हुतं, पन डॉक्टर तपासून देतेत, घेनाऱ्याला सांगून, त्याची मर्जी असंल तर. चोरून दिलेलं औषद न्हाई, सापळा असतो. सापळा, असंच म्हनल्या. माझ्याकडं बघून न्हाई म्हनल्या, आईकडं बघून म्हनल्या.

मी आत का न्हाई जात? अठरा पूर्न न्हाईत ना मला. बारक्यांना सोडत न्हाईत भेटीला, नियम हाय. आई गेलीय. मला हिथंच बरं, सावली हाय, लिंबाखाली वारं लागतं, मान्सं बघायला मिळतेत. मागल्या रविवारी सूचना पेटीत रबरी पाल टाकली. सिस्टर पेटी उघडायला आली आनि जी किंचाळली — आतले पन्नासच्या पन्नास गैरसमज भाईर आले पळत! — थांबा हं, एक मिनिट, फोन बघते. न्हाई, कायच न्हाई. आकडा बघते नुसता. माझं चॅनल हाय, प्र्यांकचं. आत्याचा मिश्रीचा व्हिडिओ चार हजार गेल्ता. एक तर बासष्ट हजार. मगाशी बासष्ट हजार तीनशे नव्वद हुता, आता — चारशे दोन. बघा, तुमच्याशी बोलूस्तोवर बारा मान्सं.

कोन? ते? ते बारकं पोरगं — व्हय, चाललंय की आत. पाच वर्षाचं असंल. फुगा घेऊन. आं. तुमी पन ना सर, हजेरी घेतल्यासारखं काय बघता सगळीकडं.

बरं. न्हाई तसला नियम. चिठ्ठी असती. आतल्या मानसानं सकाळी चिठ्ठीवर लिव्हायचं, मला अमक्याला भेटायचं, तमक्याला भेटायचं. ज्याचं नाव त्यालाच सोडतेत. जबरदस्ती न्हाई, त्याची मर्जी. पप्पांच्या चिठ्ठीवर आईचं नाव असतंय. राजेश्वरी. तेवढंच. आज तिसरा रविवार. पयल्या रविवारची चिठ्ठी मी बघितली हुती, अक्षर असं हुतं, मुंगीला शाईत बुडवून सोडल्यासारखं, 'राजेश्वरी' मदला 'श्व' तर पार चिठ्ठीच्या भाईर गेल्ता. मी म्हनलं हात थरथरतोय, माझं नाव लिव्हायला जमलं नसंल. आख्खं स्नेहल लिव्हायचं म्हंजी टाइम लागतो. दुसऱ्या रविवारी बी नव्हतं. आज बी न्हाई, अकरालाच गेली आई.

न्हाई न्हाई, भांडन न्हाई. लई जीव हाय त्यांचा माझ्यावर. पप्पांची ही दुसरी खेप हाय सर. मागच्या वर्षी एकदा राहून गेलते, आनि सात महिने न्हाई घेतली. सात महिने! मोजून. घरी कॅलेंडरवर मीच फुल्या मारायचे, लाल पेननं, तुमच्यासारखं. मग एकदा मला वाटलं... कसंय, चॅनल थंड पडलं हुतं. शेजारच्या गावातल्या एका पोरानं बापाच्या बुटात बेडूक सोडला, चाळीस हजार. बेडूक! आनि माझ्याकडं तर दारू सोडलेला बाप. मग मी क्वार्टरची रिकामी बाटली घेतली — त्या काय कमी हायत, कॅनॉलच्या कडंला रांगोळी असती — धुतली, त्यात गार कोरा चहा भरला. रंग तर डिट्टो. आनि झालरींच्या पेटीत ठिवली, सकाळी पप्पा उघडनार हेच ठाऊक हुतं. मी खुर्च्यांच्या थप्पीमागं, मोबाईल चालू. पप्पांनी झाकन उघडलं. झालर काढली. बाटली दिसली. उचलली, बूच काढलं, वास घेतला, आनि मला बघितलं, आनि — हसले वो! मोठ्यानं हसले. कोरा चहा हाय की गं, म्हनले, आनि पिऊन टाकला, साखर कमी पडली म्हनले. आई हसली, कामाचे गडी हसले. बासष्ट हजार. खाली सगळे लिव्हतेत, बाप असावा तर असा.

त्याच दिवशी संध्याकाळी टाकळीभानला मंडप सोडायला गेले, ते आले न्हाईत. सकाळी टेम्पोत सापडले, सीटखाली. उठल्या उठल्या म्हनले, मला परत तिथं सोडा. ह्या खेपेला कोनी धरून न्हाई आनलं, स्वतः पिशवी भरली.

आई म्हनती, मंडपावर कोनीतरी पाजली असंल. कोनाला ठाऊक न्हाई सर. तो व्हिडिओ मी लई वेळा बघितलाय, किती ते इचारू नका. सगळ्यांना हसायचं दिसतं. पन बाटली उचलल्यावर आनि वास घ्यायच्या आदी — नऊ सेकंद हायत. नऊ सेकंद पप्पा हिकडं बघतेत, तिकडं बघतेत. कोन हाय का बघतेत. फेकून द्यायची असती तर कोन कशाला बघंल हिकडं-तिकडं? तुमीच सांगा. आनि दुसरा हात... दुसरा हात पेटीचं झाकन लावत असतो. हळूच. म्याडमनी सांगितलं हुतं घरच्यांच्या मीटिंगमदी, नुसती बाटली दिसली, वास आला, तरी आत झोपलेलं उठून बसतं, मनून घरात रिकामी बाटली बी नको. ती मीटिंग मी बसले हुते. पयल्या रांगेत. ऐकलं हुतं सगळं, आनि तरी. चोरून दिलेलं सापळा असतो म्हनल्या ना त्या? आईकडं बघून म्हनल्या. चुकीच्या मानसाकडं बघत हुत्या.

हे मी कोनाला न्हाई सांगितलं. तुमाला का सांगते काय म्हाईत, तुमी कुठं कोनाला सांगनार, तुमचाच आंगठा... थांबला बघा तुमचा आंगठा. कदीपासून थांबलाय. आनि ती लाल गाडी जी आत्ता हॉर्न मारत गेली ना, ती श्रीरामपूरचीच हुती. असती रविवारी. फसवलं तुमाला. रागवू नका, लई दिवसांत एवढाच एक प्र्यांक बरा जमलाय.

आले मामा. काय मामा, पिशवी न्हाई, भजी कुठाय? चिठ्ठी? सरांची असंल, फॉर्म झाला असंल त्यांचा. माझी? मस्करी नका करू हां मामा, मस्करी मी करते हिथं. दाखवा. — दुसरी चिठ्ठी? आत्ता लिव्हली? आई बसलेली असताना?

'स्नेहल.' पप्पांचंच हाय. 'ल'ला शेपूट असं तेच काढतेत. बघा ना सर, तपासा, अक्षर बघा. सरळ हाय. एका रेषेत हाय सगळं. थरथरत न्हाई. खाली काय लिव्हलंय — 'मोबाईल भाईर ठिवून ये.'

त्यास्नी ते नऊ सेकंद ठाऊक हुते. पयल्यापासून.

किती वाजले? एकला भेट संपती ना मामा? वीस मिन्टं हायत. केस कसे हायत माझे, मिश्री-बिश्री न्हाई ना लागली कुठं, न्हाई, मी न्हाई लावत, एकदाच बघितली हुती लावून. मोबाईल घ्या मामा. नीट ठिवा, पडला तर काच जाईल. तुमच्याकडं न्हाई देत सर, हात पुढं काय करताय, तुमच्याकडं दिला तर दोघं बी बाद. उठा तुमी पन, मिसेस दारात उभ्या हायत बघा कदीच्या. जावा. शेपूची भाजी मागून घ्या, न्हाई म्हनलं की जास्त वाढतेत.

काय? कुठला व्हिडिओ? तो? अजून हाय म्हंजी — हाय. काढनारे ना. काढायचाच हाय. पन वीस मिन्टं राहिलीत सर, आता कुठं ते सगळं, बासष्ट हजार हायत, एवढं काय पळून चाललाय का तो, उद्या —

काय बघताय असं?

मामा, मोबाईल द्या जरा माघारी. एकच मिनिट.

आनि सर, तुमी तिकडं तोंड करा.